उंदीर आणि उणे चाळीस

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या पोटात डोके घालू नये, असे आमच्या घरातील सर्वांचे मत आहे. माझेही होते. पण यंदा मे महिन्यात पसरणीच्या घाटात, ८० वर्षांची आई मागे बसलेली असताना, गाडीने अवसान गाळले. पिवळा दिवा लागला, काळा धूर सुटला आणि मागच्या एस. टी.चा भोंगा थेट मेंदूत शिरला. कसेबसे पाचगणी गाठले.

पुण्यास परतल्यावर गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निदान केले, "सर, सेन्सर गेला." रुपये साडेतीन हजार. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला! "नवाही खराब निघाला वाटतं," तो शांतपणे म्हणाला. आता मात्र माझ्यातला परीक्षक जागा झाला. पेपर न तपासता नापास?

भाचा इंजिनिअरिंगला आहे. रविवारी तो स्कॅनर व मीटर घेऊन आला.

"मामा, हे वाचा."

आत शिरणाऱ्या हवेचे तपमान उणे ४० अंश! पुण्यात, मे महिन्यात, भर दुपारी!

हा सेन्सर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब आणि तपमान सांगतो. त्यावरून हवा किती आली याचा हिशेब होतो आणि तेवढेच पेट्रोल सुटते. तारा चार : एक पाच व्होल्टची, एक अर्थची, दोन निरोपांच्या. उणे ४० म्हणजे थंडी नव्हे. तार तुटली की तपमानाचा आकडा तिथे जातो. दाबाचा आकडाही वर टेकला होता. "दोघं एकदम कसे बिघडतील? दोघांची अर्थ एकच," भाचा म्हणाला. प्लग काढून त्याने बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तार तपासली. मीटर मुका. वेष्टण उलगडले, तर तार कुरतडलेली! गणपतीचे वाहन माझ्या वाहनात राहून गेले होते. सेन्सर बदलताना तुटकी टोके हलून टेकली असावीत. म्हणून ते आठ दिवस.

तार जोडल्यावर जुना, 'गेलेला' सेन्सर तपासला. खोलीत सतराशे ओहम. हिच्या केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब देताच सहाशे. मग प्लग लावून, इंजिन बंद व चावी चालू ठेवून, दाबाच्या तारेवर पावणेचार व्होल्ट. नळीने सिरिंज जोडून हवा ओढली, तसा आकडा सरसर उतरला. म्हातारा ठणठणीत होता!

तोच परत बसवला. चावी बंद, रबरी कडीला तेलाचा थेंब, स्क्रू बेताने. अंग प्लास्टिकचे असते. इंजिन संथ चालू झाले, व्होल्ट एकावर आले, दिवा पुसला.

"विजेचा माल परत घेत नाही," असे गॅरेजवाला म्हणाला. नवा सेन्सर माझ्या खणात, लाल पेन्सिलींशेजारी पडून आहे. आई मात्र रोज विचारते, "अरे, तो उंदीर सापडला का?"