अर्जदारांची पिढी

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र किंवा सारांशाला ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी कोणत्याही दोहोंना मिळून १०, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८. २०१८ साली नवे पाठ्यपुस्तक आले तेव्हापासूनचा हा हिशेब आहे. तो नीट पाहिला की ध्यानात येते, आपले म्हणणे कारणे देऊन दुसऱ्याला पटवून देण्याची गोष्ट या २४ गुणांत खऱ्या अर्थाने एकाच जागी येते, आणि तीही टाळता येते. मुलगा फुटक्या पेनाचे आत्मकथन लिहितो आणि मोकळा होतो. वाचकाचे मन वळवण्याचा जो एक प्रकार तो सोपा म्हणून हटकून निवडतो, तो जाहिरातीचा. 'त्वरा करा', 'खास सवलत', खाली दुकानाचा पत्ता.

पत्रांचेही तेच. पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकांची मागणी करायची, नाहीतर कुणाला तरी विनंती करायची. वर 'माननीय महोदय', खाली 'आपला नम्र'. मधला मजकूर गाइडातून येतो. म्हणजे दहा वर्षे शाळेत घालून आमचा मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याला विकता येते, विकत घेता येते आणि हात जोडता येतात. 'तुमचे म्हणणे मला पटत नाही, आणि त्याची कारणे अशी' हे वाक्य त्याने वहीत एकदाही लिहिलेले नसते.

ही तक्रार सगळ्याच मुलांची आहे, मग मुस्लिम लेखकांच्या अंकात ती का मांडायची? कारण आपल्याविषयी या देशात जितके वाद घातले जातात, तितके फार थोड्या लोकांविषयी घातले जात असतील. आपले कपडे, आपले खाणे, आपली लग्ने, आपली भाषा, सगळ्यांवर मतपत्रिका मांडून झालेली आहे. त्यात आपला मुलगा बोलतो कुठे? निबंधाला 'राष्ट्रीय एकात्मता' हा विषय आला की वर्गातल्या इतर मुलांना तो विषय असतो, आपल्या मुलाला ती चाचणी असते. तो चार थोरांची नावे लिहून, आपण किती निष्ठावंत आहोत हे सांगून सुटतो. असा निबंध म्हणजे जबाब झाला. त्यात विचार नसतो.

यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णी, कुठल्याही तहसीलसमोर जाऊन पाहा. झाडाखाली टेबल टाकून अर्जनवीस बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर दहावी-बारावी झालेली आपली पोरे उभी असतात. रेशनकार्डातले नाव चुकले, कब्रस्तानाच्या जागेची नोंद अडली, वारस लागला नाही. अर्ज तो लिहितो, पोरगा सही करतो. काय लिहिले ते वाचून पाहायचीही त्याला गरज वाटत नाही.

एक ताजे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि ती नववी-दहावीपुरती ठेवली. घरून शाळेत जाणाऱ्या मुलाला महिन्याला १०० रुपये, दहा महिन्यांचे हजार. पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवे, गुण ५० टक्के हवेत. रक्कम लहान, पण रोजमजुरी करणाऱ्याच्या घरात ती वह्यांची आणि बसभाड्याची रक्कम होती. मोहल्ल्यात काय झाले? कुणी 'जुल्म' म्हणाले, कुणी व्हॉट्सअॅपवर आले तसे पुढे ढकलले, कुणी 'आपल्याला कोण देणार' म्हणून गप्प बसले. मुद्देसूद एक पान लिहून खासदाराला पाठवणारे किती निघाले? आम्हाला तर कुणी भेटले नाही.

आता हाच विषय आठवीच्या वर्गात घेतला तर? आम्ही आधी सरकारचे म्हणणे फळ्यावर लिहायला लावू, आणि ते वाकडे करून लिहू देणार नाही. सरकार दोन गोष्टी म्हणते. एक, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे केलेलेच आहे. दुसरी, सामाजिक न्याय आणि आदिवासी मंत्रालयांच्या अशा शिष्यवृत्त्याही नववी-दहावीलाच मिळतात, मग इथे वेगळा न्याय का? ही कारणे फुसकी नाहीत, हे मुलांनी आधी मान्य करावे. मग विचारावे: मोफत म्हणजे फी माफ, पण वही, कंपास, बसभाडे कोण देणार? सातवीतली मुलगी शाळा सोडते ती फीमुळे की घरच्या अडचणीमुळे? आपल्या वर्गातून गेल्या दोन वर्षांत किती मुली कमी झाल्या, हजेरीपटावर मोजा. इतरांना आठवीपर्यंत मिळत नाही हे कारण आपले काढून घेण्याचे आहे, की त्यांनाही देण्याचे? शेवटी काय हवे ते एका वाक्यात लिहा. एवढे करणारी मुले सरकारशी सहमत झाली तरी आमची हरकत नाही. पण ती कुणाच्या घोषणेमागे मुकाट चालत जाणार नाहीत.

'मुले लहान आहेत' असे सांगणाऱ्यांनी मुक्ता साळवेचे वय आठवावे. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मातंग मुलगी चौदा वर्षांच्या आसपासची होती. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने विरोधकाचेच विधान हातात घेतले. वेद फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी त्यांच्याकडे पाहूही नये, असे ना? मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित झालो. समोरच्याच्या दोरीने त्यालाच बांधण्याची ही रीत तिला शाळेने दिली, तीही अवघ्या काही वर्षांच्या शाळेने. आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे तर शाळेतही गेल्या नाहीत, त्या घरी शिकल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यावरून बायकांवर जी चिखलफेक झाली, तिला त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून घरच्या, बोलत्या मराठीत उत्तर दिले.

आणि १८ एप्रिल १९६६. हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत सरकारच्या दारी गेले. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. दलवाईंवरून आपल्यात आजही दोन तट आहेत, या अंकाच्या वाचकांतही असतील. पण त्या सात जणी अर्जनवीसामागे लपल्या नाहीत. त्यांचे पटत नसेल तर खोडून काढावे, कारणे देऊन. शिव्या देणे सोपे असते, आणि तेच जास्त झाले.

कारण आपल्या घरातही हे शिक्षण नाही. मिलादच्या जलशात मुलगा तकरीर करतो ती कुणीतरी लिहून दिलेली, पाठ केलेली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतले भाषण गुरुजींनी लिहिलेले, तेही पाठ केलेले. एकाकडे टोपी, दुसऱ्याकडे फेटा, बाकी फरक नाही. आणि ही त्या परंपरेतली मुले, जिच्यात मुनाजरा ही विद्या होती, जिच्यात फिकहची पुस्तके आधी विरुद्ध मत मांडतात आणि मग उत्तर देतात. शेजारच्या शास्त्र्यांकडे त्यालाच पूर्वपक्ष म्हणत. दोन्ही घरांतली ही मालमत्ता आपण बेवारस टाकली.

बुजुर्ग म्हणतात, दिवस वाईट आहेत, पोरांनी जास्त बोलू नये. भीती खोटी नाही. पण गप्प बसणाऱ्याच्या वतीने दुसरे कुणीतरी बोलतेच, हे यवतमाळकरांना सांगायला नको. या जिल्ह्याच्या कापसाचे आणि आत्महत्यांचे दुःख दिल्लीपर्यंत इतरांच्याच भाषणांतून गेले. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले तेव्हाही बोलले इतरच. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, आणि त्यांचे न झालेले भाषण वर्तमानपत्रांतून घरोघर वाचले गेले. मांडव नाकारला तरी लिहिलेले पान उरले. उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे राहिलेल्या बाईचे जगणे त्यांनी आपल्याच बोलीत मांडले, कुणाच्या गाइडातून नव्हे.

उर्दू शाळांतल्या मुलांचे तर दुहेरी नुकसान. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण तिथे मराठी शिकायची ती शब्दार्थ आणि रिकाम्या जागांपुरती. तहसीलदार, तलाठी, महावितरण, पंचायत समिती, सगळ्यांशी भांडायचे तर मराठीतच भांडायचे आहे. भांडता येण्यापुरती मराठी या मुलांना कोण देणार?

मंडळ कृतिपत्रिका बदलेल तेव्हा बदलेल. आमची मागणी (होय, मागणीच) आपल्याच शिक्षकांकडे आहे. आठवीपासून महिन्याला एक पत्र, खऱ्या माणसाला, खऱ्या प्रश्नावर: शाळेच्या नळाला पाणी नाही, मुलींच्या मुतारीला दार नाही, एसटी थांबत नाही. त्यात समोरच्याची अडचण एका परिच्छेदात यायलाच हवी. गुरुजींनी शुद्धलेखन तपासावे, मत दुरुस्त करू नये. 'आपला नम्र' लिहायचे की नाही ते मुलाने ठरवावे. पत्र टपालात टाकावे, पोच जपून ठेवावी, आणि उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात त्याच माणसाला दुसरे पत्र लिहावे.