हिंदुरावाचा चेहरा

गंगाखेड, पालम, सोनपेठ या परभणी जिल्ह्यातील तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगामभर फडात राबतो. साखरेच्या सत्तेचे अर्थशास्त्र या माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या सत्तेला मराठी पडद्यावर चेहरा दिला तो मात्र निळू फुले यांनी.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला व जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा नुसता दुष्ट नव्हे. त्याचा कारखाना खरा, पाहुणचार खरा, गावावरचे उपकारही खरे. आणि मारुती कांबळेचे नाहीसे होणेही तितकेच खरे. विकास आणि दहशत एकाच हातातून कशी वाटली जाते, हे फुले यांनी आवाज न चढविता, एका तिरप्या नजरेने दाखविले. रोजगार, कर्ज आणि भाव यांच्या किल्ल्या एकाच वाड्यात गेल्या की माणसे गप्प बसतात, हा त्या भूमिकेचा अर्थ होय.

ही जाण त्यांना अभिनयाच्या शाळेत मिळाली नव्हती. १९३० साली जन्मलेले फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वगनाट्ये करीत होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधील रोंगे ही त्यांची पहिली ओळख. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ने चित्रपटाचे दार उघडले; १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ने रंगभूमी हादरविली; १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये सत्तेचा खेळ पाहून वेडावणारा पत्रकार दिगू टिपणीस त्यांनीच उभा केला. खलनायकी पाटलाच्या साच्यात व्यवसायाने त्यांना वर्षानुवर्षे कोंडले, हेही नमूद केले पाहिजे. तरीही डॉ. श्रीराम लागू यांच्यासह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा करणारे फुले कार्यकर्तेच राहिले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

त्यांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. त्यांना घडविणारी कलापथके चळवळीने का मोडू दिली, हा प्रश्न अवघड आहे. पत्रके निघतात, परिषदा होतात. पण ज्याला पत्रक वाचता येत नाही अशा मजुराच्या कोपीपुढे वग घेऊन जाणारे कोण उरले?

दरम्यान हिंदुरावानेही वेश बदलला आहे. अनेक सहकारी कारखाने खासगी मालकांच्या हाती गेले. पूर्वीचा चेअरमन निदान मते मागायला दारी येत असे. नव्या मालकाचा चेहरा मजुराला दिसतही नाही. त्याला दिसतो तो मुकादम आणि खाडा झाल्यावर कापला जाणारा दंड. मुकादमामागचा धनी ओळखता येत नाही तोवर भांडण मजूर आणि मुकादम यांच्यातच जिरते, आणि नफा सुरक्षित राहतो.

तो धनी पुन्हा चव्हाट्यावर आणणे हे राजकीय काम आहे. उचल, खाडा आणि टनामागचा दर यांवरचा एक रोखठोक वग परभणीच्या गावोगावी, टोळ्या निघण्यापूर्वी झाला पाहिजे. माळीकाम करणाऱ्या एका तरुणाला त्या मंचाने निळू फुले केले. आज तो मंच उभारणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे.