पदपथ हे शहरी खूळ नव्हे

शिरूर, दौंड ही गावे मोटारीमुळे वाढली, तेव्हा पदपथ हे पुण्या-मुंबईचे खूळ इथे नको, असे सांगणारा लेख आपल्या अंकात वाचला. मुळात त्या लेखाचा पायाच कच्चा आहे.

दौंड वाढले ते रेल्वेमुळे. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. गाडीतून उतरलेला माणूस पुढे जायचा तो टांग्याने, नाहीतर पायी. शिरूरला तर आजही रेल्वे नाही. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुणे-नगर धावली, ती शिरूरच्याच रस्त्याने. पण एसटी स्टँडवर सोडते, दारात नाही. हा सगळा इतिहास लेखकाने मोटारीच्या खात्यावर जमा केला आहे!

रस्ते अरुंद म्हणून पदपथाला जागा नाही, हा दुसरा युक्तिवाद. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. दुकानाकडे तोंड करून लावलेली मोटारसायकल त्याहून जास्त जागा खाते. तिला जागा मिळते, दप्तर घेऊन चालणाऱ्या पोरीला मिळत नाही. पार्किंगची अडचण आहे, एवढेच मान्य. तिचा भुर्दंड पायी चालणाऱ्याने का सोसावा, याचे उत्तर लेखात कुठेच नाही.

लेखकाने आठवडे बाजाराच्या दिवशी गाडी घरी ठेवून स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालून पाहावे, मग पुढचा लेख लिहावा.

— एक वाचक, शिरूर (जि. पुणे)