घोड्याची जखम आणि औषधाचा विवेक

माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव असल्यामुळे तेथील घोडा ही केवळ पर्यटकांच्या हौसेची बाब नाही. अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्याच्या पाठीवर चालतो. त्या पाठीलाच जखम झाली म्हणजे घोडेवाल्याची मिळकत थांबते. अशा वेळी प्रतिजैविकाची सुई टोचून जनावर लवकर कामाला लावावे, असा मोह कोणालाही होईल. हा मोह समजण्यासारखा असला तरी घातक आहे.

घोड्याच्या त्वचेचे सर्व विकार एका जातीचे नसतात. पावसात अंग सतत भिजले की ‘डर्माटोफिलस’ नावाचे जंतू बळावतात आणि केसांच्या झुबक्यांसह खपल्या धरतात. सौम्य विकार असेल, तर घोडा कोरड्या जागी ठेवणे, खपल्या हळुवारपणे काढणे आणि जंतुनाशक द्रावणाने त्वचा धुणे एवढ्यानेच बहुधा गुण येतो. गजकर्ण बुरशीमुळे होते. त्यावर जंतूंना मारणारे प्रतिजैविक निरुपयोगी ठरते. खोगीर किंवा तंग घासून पडलेल्या जखमेचे मूळ तर सामानातच असते. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी आपली म्हण आहे. येथे दोष खोगिराचा आणि सुई घोड्याला, असा प्रकार होतो.

अनावश्यक औषध केवळ वाया जात नाही. कोट्यवधी जंतूंपैकी दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि त्यांचीच संतती वाढते. हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडेही जाऊ शकतो. मेथिसिलिनला न जुमानणारे ‘स्टॅफिलोकॉकस’ जंतू घोड्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून घोड्याकडे गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. शिवाय, गवत पचविण्यास साहाय्य करणारे घोड्याच्या आतड्यातील जंतूही औषधाने मरतात. त्यातून होणारी हगवण कधी कधी प्राणघातक ठरते.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. पुण्याजवळील पिंपरी येथे 1955 मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा ही संजीवनी देशात सुलभ झाली. ती निष्प्रभ होऊ न देणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य होय.

याचा अर्थ प्रतिजैविक कधीच देऊ नये, असा नव्हे. जखम खोल असेल, सूज पसरत असेल किंवा ताप असेल, तर पशुवैद्याला बोलाविलेच पाहिजे. शक्य तेव्हा जखमेतील जंतूंची तपासणी करून त्याने ठरविलेले औषध, त्याच मात्रेत व तितकेच दिवस द्यावे. पायांवर गाठी उठून त्यांचे व्रण होऊ लागल्यास विलंब करू नये. तो ‘ग्लँडर्स’ हा माणसालाही होणारा भयंकर रोग असू शकतो. त्याची खबर देणे 2009 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

परंतु हा सारा उपदेश एकट्या घोडेवाल्याला करणे अन्यायाचे आहे. जखम भरेपर्यंत घोड्याला विसावा द्यावा, हे सांगणे सोपे; त्या दिवसांत त्याच्या घरची चूल कशी पेटावी? विसाव्याच्या काळात थोडे अर्थसाहाय्य, अंगाला बेताचे बसणारे खोगीर आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य, एवढी सोय समाजाने केली पाहिजे. औषधांचे सामर्थ्य टिकण्याचा लाभ सर्वांनाच होणार आहे. मग त्याचा भार सर्वांत गरिबाने एकट्याने का वाहावा?