बटण बदललं, वायर कोण बघणार?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत जरा वेळ उभं राहिलं, की एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. हातात तडकलेलं काळं बटण, नाहीतर अर्धवट जळालेला होल्डर. ‘अस्साच द्या, बसवायचं मी बघतो.’ जुनी घरं शिल्लक आहेत तोवर जुन्या मापाचा मालही खपतो, त्यामुळे दुकानदार तो देतो. या गिऱ्हाइकाला नावं ठेवण्याची जाणकारांना सवय आहे. विजेच्या कामाला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा, असं ते बजावतात. सल्ला चुकीचा नाही, पण बोलणाऱ्याने कधी एका बटणासाठी इलेक्ट्रिशियनची वाट पाहिलेली नसावी. ‘संध्याकाळी येतो’ म्हणणारा माणूस चार दिवस फिरकत नाही, आणि आला तरी त्याच्याकडे परवाना असेलच असं नाही.

कायदा या बाबतीत जास्त समंजस आहे. भारतीय वीज नियम, १९५६ मधल्या ४५व्या नियमाने वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडेच दिलं, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि घरगुती उपकरणं बदलण्याला त्यातून सूट ठेवली. अट एवढीच की त्यामुळे मूळ मांडणीची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलता कामा नये. पुढे २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम केले, तेव्हाही हीच रेषा राहिली. म्हणजे पंख्याचा कपॅसिटर घरच्या माणसाने खुशाल बदलावा. गीझरसाठी नवा पॉइंट मात्र काढू नये. नव्या फ्लॅटमध्ये ही रेषा सहज पाळता येते. वाड्यात आणि चाळीत ती पुसट होते, कारण मूळ मांडणी काय होती हेच तिथे कोणाला ठाऊक नसतं.

लाकडी पट्टीतून गेलेल्या जुन्या वायरीला रबराचं वेष्टण असतं, त्यावर सुताची वीण. रबर वर्षानुवर्षं उष्णता खातं आणि कडक होतं. वायर हलवली नाही तोवर ते जागेवर राहतं. बटण काढताना ती जरा वाकवली, की भुगा होऊन गळून पडतं. नवं बटण छान बसतं, ‘टक’ असा आवाजही येतो. बोर्डाच्या आत मात्र दोन उघड्या तारा एकमेकींच्या जवळ आलेल्या असतात. पाऊणशे वर्षं टिकलेलं काम बदलल्यावर आठवड्यात बिघडतं, ते यामुळे. नंतरच्या काळात अनेक घरांत तांब्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियमची वायर आली. हा धातू मऊ. स्क्रूखाली दबून तो हळूहळू सैल होतो, त्याच्यावर वीज न वाहणारा थर चढतो, आणि त्याला तांब्याची वायर पीळ देऊन जोडली असेल तर तो जोड तापतो. बटणाच्या कडेला तपकिरी डाग दिसला, तर दोष बहुधा बटणाच्या मागे असतो.

रंगांवरही भिस्त ठेवता येत नाही. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी ही पद्धत कागदावर पक्की आहे. पण तीन पिढ्यांच्या दुरुस्त्यांत हाताला लागेल ती वायर वापरली गेलेली असते. कित्येक घरांत बटणच न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. दिवा बंद होतो, होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. पूर्वीच्या पिवळ्या बल्बमध्ये हे कळत नसे. आता बंद केलेला एलईडी दिवा अंधारात मंद मिणमिणत राहिला, तर कारणांच्या यादीत हे वरच्या क्रमांकावर असतं. लोक दिवा खराब म्हणून परत करतात. जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर फ्यूज असत. त्यातला न्यूट्रलचा उडाला की घरभर अंधार होतो, ‘लाईट गेली’ असं सगळे म्हणतात, आणि वायरीत २३० व्होल्ट तसेच असतात. म्हणून स्वतः काम करणाऱ्याने मेन बंद केल्यावरही टेस्टर लावावा. तोही आधी चालू जागी लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टर आणि मेलेली वायर दिसायला सारखेच.

खरी गोची अर्थिंगची आहे. अनेक जुन्या इमारतींत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असायची. नळ जमिनीत जायचा, त्यामुळे काम भागायचं. मग नळ गंजले आणि प्लंबरने प्लास्टिकचे पाइप टाकले. पाण्याचा प्रश्न सुटला, आणि त्याच दिवशी घराचं अर्थिंग गेलं. याची नोंद प्लंबरने घेतली नाही, इलेक्ट्रिशियनला कोणी सांगितलं नाही. तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक आता शोभेपुरतं. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तेव्हा शेजारचा जाणकार एक युक्ती सुचवतो: सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेला जोडून टाका. झिणझिण्या थांबतात. पुढे कधी न्यूट्रल सैल झाली की फ्रिजचं सगळं पत्र्याचं अंग फेजला येतं. घरगुती दुरुस्त्यांमध्ये यापेक्षा घातक दुरुस्ती शोधून सापडणार नाही, आणि ती करणारे सगळे हौशीच असतात असंही नाही.

‘आम्ही एमसीबी बसवलेत’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. साधा चाळीस वॉटचा बल्ब सुमारे १७० मिलिअँपिअर वीज घेतो. तेवढी छातीतून गेली तर जीव जायला पुरे, पण सहा अँपिअरच्या एमसीबीला ती जाणवतही नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत आली नाही, तर हा ३० मिलिअँपिअरच्या फरकालाही सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. दोन-अडीच हजारांची वस्तू. जुन्या घरात ती बसवली की पहिल्याच पावसात सारखी पडू लागते, कारण भिंती ओल्या असतात, वेष्टण गळकं असतं आणि कुठेतरी शेजाऱ्याची न्यूट्रल उसनी घेतलेली असते. मग कंटाळून ती काढून टाकतात. घरातलं एकमेव खरं बोलणारं उपकरण कटकट करतं म्हणून हाकललं जातं. तेही स्वतः बसवायचं नाही, हे ओघाने आलंच. पण पडल्यावर काढू द्यायचं नाही, एवढं तर घरातल्यांच्या हातात आहे.

मुळात या घरांत माणसं स्वतः का खटपट करतात? हौस हे कारण थोड्यांचं. पागडीच्या खोलीचं भाडं इतकं कमी की मालक खिळाही ठोकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. पण वर्षाला वळता करता येतो तो त्या वर्षाच्या भाड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. शंभर-दोनशे रुपये भाड्याच्या खोलीत त्यातून मीटरपासूनची वायरसुद्धा येणार नाही. त्यात रिडेव्हलपमेंटची आशा. ‘आज ना उद्या बिल्डिंग पाडणारच, कशाला पैसे घालायचे?’ या वाक्यावर मुंबई-पुण्यात वीस-वीस वर्षं निघाली आहेत. घर तेच राहिलं आणि त्यात एसी आला, गीझर आला, इंडक्शन आलं. दोन किलोवॉटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर घेतो. एक पंखा आणि दोन बल्बसाठी ओढलेल्या वायरीवर तो लावला की फ्यूज उडतो, आणि फ्यूजमध्ये जाड तार घातली जाते. नियमाच्या भाषेत, स्वरूप तिथे बदलतं.

तेव्हा बटण बदलणाऱ्याला दम देण्यापेक्षा वायर तपासण्याची सोय करावी. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही त्याची तरतूद आहे. त्याच फेरीत प्रत्येक घराची वायरिंग मेगरवर, म्हणजे वेष्टण तपासणाऱ्या यंत्रावर, आणि इमारतीचं अर्थिंग मोजायला लावावं. खांबाला गेलेला तडा निदान डोळ्यांना दिसतो, गळकं वेष्टण तेही नाही. मेगर लावायला घरटी फार वेळ लागत नाही आणि खर्च वाटून घेतला तर रंगकामाच्या वर्गणीच्या आसपासही जात नाही. अर्थिंगचा नवा खड्डा तर सामाईक अंगणातच घ्यावा लागतो, तो एकट्या भाडेकरूने घ्यायचा म्हटला तरी जमणार नाही. निकालाचा कागद मीटरच्या खोलीत लावावा: कोणत्या घराची वायर ठीक, कोणाचं अर्थिंग तुटलेलं. ज्या घरापुढे ‘ठीक’ लिहिलंय, तिथल्या माणसाने तपकीर गल्लीतून बटण आणून मेन बंद करून बिनदिक्कत बसवावं.