सहल ओहोटीच्या वेळेची

माळव्यातल्या आपल्या मुलांना समुद्र पुस्तकातच भेटतो. गुजरातमध्ये जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीला प्रवाळांच्या खडकांमधून घोटाभर पाण्यात चालता येते. खेकडे, समुद्रपुष्पे, नशीब असेल तर ऑक्टोपसही दिसतो. कच्छच्या आखातातील हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचे. नववीची सहल वॉटर पार्कऐवजी तिथे न्यावी, असे आम्हांस वाटते.

पालक विचारतील, मार्क वाढतील का? कदाचित नाही. पण भरती-ओहोटी पाहून वेळ ठरविणे, पाहिलेले वहीत टिपणे, प्राणी न उचलता न्याहाळणे मुले शिकतील. प्रवाळाचा तुकडाही खिशात घालायचा नाही. कायद्याने तो संरक्षित आहे.

विश्वस्तांनी खर्चाचा आणि पालकांनी मुलींनाही पाठविण्याचा विचार करावा, ही विनंती.