साखरेवर ढकलण्याआधी

“डॉक्टर, एकाचे दोन दिसून राह्यले,” असं सांगत पुसद-उमरखेडकडचा पेशंट बसतो, तेव्हा आपल्या नेत्र ओपीडीतला पुढचा क्रम ठरलेला असतो. मोतीबिंदू पाहायचा, साखर तपासायची, सहाव्या नसेचा लकवा लिहायचा आणि तीन महिन्यांनी बोलवायचं. बहुतेकदा ते बरोबरही ठरतं. मधुमेहाने दुबळी झालेली नस साधारण तेवढ्यात सावरते. पण पेशंटला आधी कॅन्सर होऊन गेला असेल, तर थांबणं परवडत नाही.

अडचण अशी, की डोळ्याच्या तपासणीत हे कोणी आपणहून सांगत नाही. बाई चारचौघांत स्तनाच्या ऑपरेशनबद्दल बोलत नाही, नातेवाईक ‘कॅन्सर’ हा शब्दच टाळतात. “कधी गाठ काढली होती का? शेक घेतले होते का?” असं बाजूला घेऊन विचारावं लागतं.

मेंदूत पसरलेल्या गाठींपैकी सुमारे ५ टक्केच ब्रेनस्टेममध्ये आढळतात, त्याही जास्त करून पॉन्समध्ये. पण डोळे फिरवणारी यंत्रणा तिथे काही मिलिमीटरांत दाटलेली आहे. गाठीने सहाव्या नसेचं केंद्रच धरलं, तर दोन्ही डोळे त्या बाजूला वळत नाहीत. सातवी नस त्याच केंद्राला वळसा घालून जाते, म्हणून चेहराही अनेकदा वाकडा होतो. शेजारचा एमएलएफ सापडला, की त्या बाजूचा डोळा नाकाकडेही येईनासा होतो. आडवी हालचाल उरते ती फक्त दुसऱ्या डोळ्याची, बाहेरच्या दिशेला. मिलर फिशर यांनी १९६७ मध्ये याला ‘वन अँड अ हाफ’ हे नाव दिलं. गाठ मिडब्रेनच्या मागच्या भागात असेल, तर वर पाहणं अडतं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोट सगळ्या दिशांना फिरवा, आधी दोन्ही डोळे मिळून, मग एकेक झाकून. तालुक्याच्या शिबिरातही नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला हे जमतं.

साध्या सीटीवर मात्र विसंबू नका. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे हा भाग त्यात नीट उमटत नाही. पेशंट यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयात जावो, सेवाग्रामला की नागपूरला. चिठ्ठीवर जुना कॅन्सर, कोणती हालचाल अडली आणि ‘ब्रेनस्टेमचा कंट्रास्ट एमआरआय’ हे स्पष्ट लिहा. वेळेत निदान झालं, तर स्टेरॉइडने सूज उतरवता येते, रेडिएशनने गाठ आवरता येते.

आणि पेशंट निघण्याआधी चष्म्याच्या एका काचेवर अपारदर्शक टेप लावा. दोन दिसणं तिथल्या तिथे थांबतं, एसटीची पायरी नीट दिसते.